रावजींची आणेवारी

रावजी पळसेकरांनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले, तेवढे ना माझ्या बापानं दिले ना बायकोनं. आणि आमची ही त्या बाबतीत काही कमी नाही. पण रावजींची गोष्टच वेगळी. साधा सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तोंड उघडलं की समोरचा चार हात मागं! आता माझे दात गेले, नाशकातली निम्मी ओळखीची माणसं गेली, तरी रावजी आठवले की छातीत धस्स होतं.

पहिला धक्का त्यांनी मला पाठीमागून दिला. एकोणीसशे तिसाच्या पुढचे ते दिवस, मंदीचे. आम्ही त्र्यंबक रस्त्याकडच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळायचो. क्लबाचं नाव रामशेज. आता किल्ल्याचं नाव घेतलं म्हणून काय तटबंदी येते होय? तटबंदी म्हणजे मी एकटा, दत्तू सायकलवाला, गोलकीपर. मेनरोडला माझं दुकान होतं, तिथं पंक्चरं काढून उरलेल्या वेळात मी इथं गोल अडवायचो. तर त्या दिवशी चेंडू आमच्या अंगावर येतोय, माझे प्राण कंठाशी आलेत, आणि मागून शांत आवाजात कोणीतरी विचारतंय,

"अहो, तुमचा हंगाम संपतो कधी?"

"दिवाळीला! गप बसा जरा!" मी मागं न बघता ओरडलो.

"म्हणजे पीक अजून उभंय," आवाज स्वतःशीच म्हणाला.

गोल झाला. होणारच! मी चवताळून वळलो, तर गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काळी टोपी, बगलेत छत्री, असा एक गृहस्थ चक्क टाळ्या वाजवतोय. "वा! काय सुरेख आला!"

"काका, तो गोल आपल्यावर झाला!"

"हो का?" ते म्हणाले. "पण चांगला झाला की."

आता या माणसाला काय म्हणायचं? सामना संपल्यावर मी त्यांना चार शब्द सुनावणार होतो, पण ते मैदानात उतरून वाकले होते. चिमूटभर माती त्यांनी तळहातावर चोळली, हुंगली, आणि मला म्हणाले, "तुमच्या बाजूला उतार आहे. समोरच्यांचा चेंडू आपसूक गडगडत येतो. उगाच स्वतःला दोष देऊ नका." मी तिथं तीन वर्षं खेळत होतो. उताराचं माझ्या बापजन्मात लक्षात आलं नव्हतं.

रावजी महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते, लोकांच्या तोंडी नुसतं 'सर्कल'. नुकतेच पेन्शनीत निघाले होते आणि पंचवटीत राहायचे. उभी हयात त्यांची आणेवारी करण्यात गेली. आजकालच्या पोरांना आणेवारी समजावून सांगावी लागते, म्हणून सांगतो. पीक शेतात उभं असतानाच सरकारी माणूस जाऊन बघतो आणि ठरवतो, हे पीक रुपयात किती आणे. भरघोस असलं तर सोळा. निम्मं असलं तर आठ. आणि चार आण्यांच्या आत गेलं की त्या वर्षीचा शेतसारा माफ. त्यामुळं रावजींच्या मागं उभ्या मुलखाचा एकच धोशा असायचा : साहेब, आणे कमी करा! निफाडकडच्या एका बड्या बागायतदारानं एकदा त्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं, वर तुपाची धार. रावजी पोटभर जेवले, ढेकर दिली, विडा खाल्ला आणि तेरा आणे लावून मोकळे झाले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, खाल्ल्या अन्नाला तरी जागा!" रावजी म्हणाले, "जेवण सोळा आणे होतं. पीक तेराच आहे."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी पोट धरधरून हसलो. ते हसले नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

नोकरी सुटली तरी जिभेवरची आणेवारी काही सुटली नव्हती. रामराम करायचा तर "रामराम दत्तोपंत, आज किती आणे?" घरी पानावर बसले की पहिल्या घासाला "आमटी अकरा." काकू आतून ओरडायच्या, "मग उरलेले पाच तुमच्या तोंडाचे!" एका लग्नात नवरदेवाच्या बापानं हौसेनं विचारलं, "कसा काय वाटला आमचा मुलगा?" रावजींनी मुलाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "नऊ. पण जमीन चांगली आहे, पुढच्या हंगामात सुधारेल." मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण त्यांना त्या लग्नाला घेऊन गेलो होतो मी. रावजी मात्र स्वस्थपणे अक्षता हातात धरून उभे.

आमचे सामने ते चुकवेनात. नेहमी माझ्या गोलामागं, नेहमी उभे. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत धड कळले नाहीत. कॉर्नर म्हणजे काय ते मी त्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी माझंच डोकं फिरलं. पण माणसं मात्र ते अशी बघायचे की अंगावर काटा यावा. कोण पडल्यावर लगेच उठतो, कोण रेफ्रीकडं बघून मग उठतो. कोण पास दिल्यावर पळतो आणि कोण पास देऊन कंबरेवर हात ठेवतो.

गणपती झाले, आमचा अर्धा हंगाम संपला आणि क्लबात भांडण पेटलं. जिंकलो होतो जास्त, हरलो होतो कमी. आमचे अध्यक्ष नाना वकील म्हणायचे आपली टीम पहिल्या नंबरची. बाकीचे म्हणायचे नशिबानं तरलोय. त्यात आणखी एक गोष्ट होती. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस देवळालीच्या सामन्याला येणार होता. त्या गिरणीची स्वतःची फुटबॉल टीम होती, आणि चांगला खेळाडू दिसला की ते त्याला थेट नोकरी द्यायचे. मंदीच्या दिवसांत नोकरी! त्याची नजर होती आमच्या यूसुफवर.

यूसुफ म्हणजे भद्रकालीतल्या रज्जाकभाई फळवाल्यांचा एकुलता एक मुलगा. काय खेळायचा हो! निम्म्याच्या वर गोल त्याचे. शिडशिडीत, हसरा, लांबून असा फटका मारायचा की गोलकीपरनं फक्त जाळी मोजावी. बापाच्या फळांच्या गाड्यावर बसणं त्याच्या जिवावर यायचं. "दत्तूभाई," मला म्हणायचा, "एकदा बंबई गेलो ना, की पेरू खायला सुद्धा परत येणार नाही."

गिरणीवाल्यानं नानांना निरोप धाडला होता, की टीमबद्दल आणि पोराबद्दल एखाद्या तटस्थ माणसाचं मत घेऊन ठेवा. तटस्थ कोण? मी थट्टेत म्हणालो, "रावजींना सांगा, करतील आणेवारी." सगळे हसले. आणि नानांनी खरंच सांगितलं!

रावजी गंभीर झाले. म्हणाले, "करतो. पण एक लक्षात ठेवा. मध्यावरची आणेवारी म्हणजे निकाल नव्हे, अंदाज. खळ्यावर रास पडली की कोणीही सांगेल किती पिकलं. उभ्या पिकाचं सांगायचं तर आधी माती बघायला लागते, मग पाऊस, आणि शेवटी पीक. लोक आधी पीक बघतात, तिथंच फसतात."

रविवारी नाना वकिलांच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. रावजी उभे. हातात कागद नाही, काही नाही. सगळं डोक्यात.

"टीम," ते म्हणाले, "नऊ आणे."

नाना ताडकन उठले. "नऊ? अहो, आपण जिंकलोय जास्त!"

"कोणाशी? शाळेतली पोरं, नवे क्लब. तुमच्यावर पाऊस वेळेवर पडला नाना. देवळालीच्या छावणीतले बुटं घातलेले गोरे सोजीर अजून यायचेत, इगतपुरीचे रेल्वेवाले यायचेत. जिंकलात त्याचे आणे आहेतच. पण सोपी मॅच जिंकली आणि अवघड मॅच जिंकली याला एक भाव लावणारा माणूस उद्या निफाडचा गहू आणि पेठची नागली एकाच मापानं मोजेल."

मग ते एकेकाकडं वळले. मला अकरा दिले. मी मनात म्हटलं, चला, आमटीइतका तरी आहे. आमचा बॅक पांडू मखमलाबादचा मळेकरी, पोट सुटलेला, दिवसभर मोट हाकून चालत यायचा आणि सगळ्या टीमच्या शिव्या खायचा. त्याच्याकडं बघून रावजी म्हणाले, "चौदा."

खोलीत हास्याचा स्फोट झाला. पांडू स्वतःच हबकला. "म्या? चौदा? सायेब, चष्मा पुसा हो! मला लय तर लय पाच द्या."

"तुझी जमीन वरकस, हलक्या माळाची आहे," रावजी म्हणाले. "त्या माळात जेवढं येण्यासारखं होतं तेवढं सगळं तू काढलंस. अजून दोन आणे राहिले ते पोटामुळं." पांडूनं पोटावरून हात फिरवला आणि मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कोणीही त्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

मग यूसुफ. तो पुढंच बसला होता, गालातल्या गालात हसत. सगळ्यांना वाटलं, आता पंधरा तरी.

"साडेतीन," रावजी म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नानांचा चेहरा तर पांढराफटक. "काय बोलताय रावजी? निम्मे गोल त्याचे आहेत!"

"गोल मी मोजले नाहीत. ते तुम्ही मोजलेत."

यूसुफ उठून उभा राहिला. "साहेब, माझ्यावर एवढा राग कशाचा?"

"राग?" रावजी गोंधळलेच. "अरे वेड्या, तुला माफी दिली मी!"

"माफी?" यूसुफ ओरडला. "माफी कशाची? मैंने गुनाह क्या किया?"

रावजी त्याच्याकडं बघतच राहिले. त्यांना काय चुकलं तेच समजेना. चव्वेचाळीस गावांत ज्या शब्दासाठी माणसांनी त्यांचे पाय धरले होते, तो शब्द त्यांनी या पोराला आपण होऊन दिला, आणि पोरगं रडत खोलीबाहेर गेलं. नाना गरजले, की ही असली आणेवारी मी गिरणीवाल्याला सांगणार नाही, यूसुफ देवळालीला खेळणार म्हणजे खेळणार. सभा संपली.

मी रावजींना पुलावर गाठलं. संताप संताप झाला होता माझा. "अहो, तुम्हाला काही काळीज आहे का नाही? त्या पोराच्या तोंडचा घास काढलात!"

ते कठड्याला टेकले. खाली गोदावरी दोन्ही थडी भरून चालली होती. "दत्तोपंत, तो पायाची पट्टी किती वेळा बांधतो?"

"बांधतो अधूनमधून. सुटते."

"सुटत नाही. मी गाठ बघितलीय. घट्ट बसलेली गाठ तो स्वतः सोडतो आणि पुन्हा बांधतो. तेवढ्यात श्वास घेतो. आणि लांबून फटके का मारतो? जवळ पळत जायला छातीत वाराच नाही. हिरवंगार शेत असतं, वाऱ्यावर डोलत असतं. कणसात हात घाला, आत दाणा नाही. असं शेत मी पेठकडं बघितलंय. तिथं साडेतीन लिहायचे आणि शेतकऱ्याला या वर्षी निजू द्यायचं. दुसरं काय करायचं?"

"मग हे सगळ्यांसमोर का नाही सांगितलं?"

"घरातलं दुखणं चव्हाट्यावर कसं आणू? गिरणीवाल्याच्या कानावर गेलं असतं. मला वाटलं, माफी म्हटलं की पोरगं ओळखेल आणि खूश होईल." मग हळूच म्हणाले, "आयुष्यभर लोक चार आण्यांच्या आत यायला माझ्या पाया पडले. आणि हा रडला हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भद्रकालीत गेलो, यूसुफला बाजूला घेतलं. त्यानं आधी आढेवेढे घेतले, मग सगळं ओकला. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. तेव्हापासून छाती धडधडायची. अलीकडंच तो एकटा हकिमाकडं जाऊन आला होता, त्यानं पळायला साफ मनाई केली होती. बापाला लहानपणचा ताप तेवढा आठवत होता, छातीचं ओ का ठो माहीत नव्हतं. "दत्तूभाई, फक्त हा एक इतवार," त्यानं माझा हात धरला. "एकदा नोकरी लागली की मशीनवर बसेन, खेळ सोडून देईन. कसम से. नाहीतर जिंदगीभर या गाड्यावर."

मी तिथून थेट पंचवटीत गेलो आणि रावजींना सगळं सांगितलं. मला वाटलं ते टोपी घालून तडक रज्जाकभाईंकडं जातील. ते म्हणाले, "त्याची हरकत आलीय म्हणायची. आणेवारीवर हरकत आली की हरकतदाराला शेत पुन्हा दाखवायचा हक्क असतो. दाखवू दे त्याला. चुकलो असलो तर मलाही बरंच वाटेल."

देवळालीचं ते मैदान म्हणजे काय! गवत कापलेलं, चुन्याच्या रेघा, एका बाजूला गोऱ्या साहेबांच्या मडमा खुर्च्यांवर. समोर बुटं घातलेले सोजीर, इकडं आम्ही अनवाणी. रेफ्री एक लालबुंद सार्जंट. गिरणीचा माणूस हॅट घालून नानांशेजारी बसला होता.

पहिल्या अर्ध्यात यूसुफनं कमाल केली. लांबूनच मारला, आणि तो सोजिरांचा सहा फुटी गोलकीपर नुसता बघत राहिला. गिरणीवाला उठून उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मी लांबून बघितलं, माझ्या गोलामागचे रावजी त्या दिवशी मधल्या रेघेपाशी जाऊन उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते.

हाफटाइमनंतर यूसुफ पट्टी बांधायला खाली बसला. उठला. थोड्या वेळानं पुन्हा बसला. आणि मी जे बघितलं त्यावर माझा विश्वास बसेना. रावजी रेघ ओलांडून मैदानात शिरले! बगलेत छत्री, नेहमीच्या चालीनं, जणू बांधावरून चाललेत. खेळ चालू होता, चेंडू त्यांच्या पायाशेजारून गेला, सार्जंट शिट्ट्यांवर शिट्ट्या फुंकत होता. ते यूसुफपाशी गेले, गवतावर मांडी घालून बसले आणि त्याच्या डोक्यावर छत्री उघडून धरली.

सगळे सोजीर हसायला लागले. मडमासुद्धा. सार्जंट धावत आला, "गेट आउट! गेट आउट!" करून अंगावर ओरडला. आता हे ध्यानात घ्या, रावजी म्हणजे तीस वर्षं साहेबाचा घोडा लांबून दिसला तरी रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहणारा माणूस. ते बसल्या जागेवरून मान वर करून म्हणाले, "नो, सर. क्रॉप फेल्ड. नो डिमांड."

पीक बुडालं, सारा माफ! सार्जंटला काय कळणार, कपाळ!

मी गोल सोडून धावत तिथं पोचलो, तेव्हा यूसुफ त्यांना दोन्ही हातांनी ढकलत होता. "उठो साहेब! मेरी इज्जत जा रही है! उठो!" रावजींची टोपी पडली, पण ते हलले नाहीत. मग यूसुफ स्वतःच उठायला गेला आणि त्याला उठता येईना. त्याचे ओठ निळे पडले होते. सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. खुर्च्यांमधून एक मिलिटरी डॉक्टर धावत आला, यूसुफच्या छातीला कान लावला, आणि म्हणाला, या मुलाचं हृदय खराब आहे, हा इतका वेळ पळाला कसा हेच मला नवल वाटतं. यापुढं हा पळाला तर मरेल.

सामना सोजिरांना दिला गेला. गिरणीवाला कोणाशी न बोलता टांग्यात जाऊन बसला. नाना वकिलांनी त्याच जागी सांगितलं की या म्हाताऱ्यानं पुन्हा मैदानात पाऊल टाकायचं नाही. आणि यूसुफ, पांडूनं त्याला पाठीवर घेतलं होतं, तो पाठीवरूनच रावजींकडं वळून म्हणाला, "आपने मार डाला मुझे." रावजी गवतात टोपी शोधत होते. त्यांनी ऐकलं. नक्की ऐकलं.

त्यानंतर यूसुफ गाड्यावर बसला. पेरू, डाळिंब, हंगामात निफाडची द्राक्षं. रज्जाकभाई त्याला ओझं म्हणून उचलू द्यायचे नाहीत. आणि रावजी रोज संध्याकाळी पंचवटीतून पूल ओलांडून तिथं जायचे, रज्जाकभाईंकडून दोन पेरू घ्यायचे. ते दिसले की यूसुफ स्टूल फिरवून भिंतीकडं तोंड करून बसायचा. एक शब्द नाही. थंडी असो, ऊन असो, त्यात कधी खंड पडला नाही. मला ते बघवायचं नाही. एकदा मी भडकलो, "कशाला जाता हो रोज अपमान करून घ्यायला?"

"त्याला राग काढायचाय माझ्यावर," ते म्हणाले. "मी गेलोच नाही तर तो कोणावर काढेल? बापावर?"



अशी तीन वर्षं गेली. मग एका सकाळी पांडू माझ्या दुकानात आला. डोक्यावर भाजीची पाटी तशीच. म्हणाला, "दत्तूशेट, यूसुफ गेला. झोपंतच गेला. काय पळाला नाय, काय नाय." डॉक्टरनं म्हटलं होतं पळाला तर मरेल. पोरगं तीन वर्षं पळालं नव्हतं, जिनासुद्धा एकेक पायरी थांबून चढायचं! कसला हा न्याय? मला इतका राग आला होता, की कोणावर काढावा ते कळेना.

कबरस्तानात आम्ही जुने खेळाडू एका बाजूला उभे होतो. माती देऊन झाली, माणसं पांगायला लागली. तेव्हा मला रावजी दिसले. दाराबाहेर भिंतीला लागून उभे, आत यावं का नाही अशा घोळात. रज्जाकभाई त्यांच्याकडं गेले. मला वाटलं, आता हे म्हाताऱ्याची गचांडी धरणार. मी धावलो.

रज्जाकभाईंनी रावजींचे दोन्ही हात धरले. "साहेब, तुमच्यामुळं पोरगं तीन साल माझ्या डोळ्यासमोर राहिलं. नाहीतर त्याच दिवशी गेलं असतं."

"तुमच्या डोळ्यासमोर राहिलं हो," रावजी म्हणाले. "त्याच्या डोळ्यासमोर काय होतं? भिंत. मी त्याला तीन वर्षं भिंतीकडं बसवलं."

इतक्या वर्षांत त्या माणसाला मी स्वतःच्या आणेवारीबद्दल असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

रज्जाकभाईंनी मान हलवली. "नाही साहेब. तुम्ही यायच्या आधी तो रस्त्याकडंच बघत बसायचा. पुलाकडं. तुम्ही दिसलात की मग स्टूल फिरवायचा. आणि तुम्हाला एखाद्या दिवशी उशीर झाला की मला सारखं विचारायचा, अब्बा, सर्कल आज आला नाही? तब्येत बरी आहे ना त्याची? जाऊन बघून येता का?"

रावजी मटकन भिंतीच्या पायथ्याशी बसले. कोट, टोपी, धोतर, सगळं मातीत. रज्जाकभाई त्यांच्या शेजारी बसले. मी थोडा वेळ तसाच उभा होतो, मग मला तिथं उभं राहवेना. सायकल हातात धरून मी निघालो, तेव्हा रावजींचं बोलणं मागून ऐकू आलं. ते लहान पोरासारखं विचारत होते, "आणि? आणखी काय विचारायचा?"